जपानमध्ये झाझेनला बसायचंय, पण गुडघे, भाषा आणि ती काठी...

नाशिकचा_पाव्हणा

नमस्कार मंडळी,

कंपनीच्या कामाने सहा महिन्यांसाठी योकोहामात आलोय, त्यातले चार संपले पण. शनिवार-रविवार फिरून फिरून देवळांचा असा ओव्हरडोस झालाय की मोबाईलमधला फोटो बघून हे कुठलं ते मलाच सांगता येत नाही, पाचशे येन द्या, आत जा, शेवाळ बघा, बाहेर या, माचा आइस्क्रीम खा. परवा ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने विचारलं, तुम्ही भारतीय म्हणजे ध्यानाला रोजच बसत असाल ना, आणि मी आपली ती हो पण नाही आणि नाही पण नाही अशी मान हलवली. आमच्या घरात ध्यान म्हणजे आजी गजानन महाराजांची पोथी वाचता वाचता डुलकी काढायची ते. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की बाबा, ज्या शब्दावरून यांचा 'झेन' आला तो आपलाच 'ध्यान', आणि आपण इथे येऊन नुसते फोटो काढतोय.

तर एखाद्या खऱ्या जुन्या देवळात एकदा तरी झाझेनला, म्हणजे झेन पद्धतीच्या ध्यानाला, बसायचंय. अडचणी ऐका. वय ४३, उजव्या गुडघ्याची लिगामेंट क्रिकेटने खाल्ली आहे, पंगतीला मांडी घालून बसलो तर मठ्ठा येईपर्यंत पाय बदलावा लागतो. जपानी येतं म्हणजे सुमिमासेन, आरिगातो आणि दुकानात 'पिशवी नको' एवढंच. शिवाय व्हिडिओत बघितलं की तिथले भिक्षू लाकडी पट्टी घेऊन फिरतात आणि पाठीत हाणतात, हे सगळ्यांनाच हाणतात का? मी शाकाहारी आहे (अंडं चालतं, बायकोला सांगू नका).

अजून एक. क्योटोत अॅपवरून एका देवळातलं 'ध्यान अनुभव' की काय ते बुक केलं होतं, ४५ मिनिटांतली वीस मिनिटं नुसती ग्रुप फोटोत गेली आणि शेवटी सर्टिफिकेट दिलं, ध्यान केल्याचं!! नाव घेत नाही, पण तसलं नकोय.

कुणी बसलंय का? कुठे जाऊ?

---

तोक्यो_बारा_वर्षं

अरे तू योकोहामात बसून हे विचारतोयस म्हणजे काखेत कळसा झालं. योकोसुका लाइन पकड, वीस-पंचवीस मिनिटांत किता-कामाकुरा, आणि स्टेशनातून बाहेर पडलास की समोर एन्गाकुजी. समोर म्हणजे अक्षरशः समोर, कारण १८८९ मध्ये ही रेल्वेलाइन देवळाच्या आवारातूनच नेली, त्यांचं पुढचं तळं रुळाच्या एका बाजूला आणि देऊळ दुसऱ्या बाजूला असं झालंय. पायऱ्या चढायच्या.

देऊळ १२८२ चं. मंगोलांनी १२७४ आणि १२८१ अशी दोनदा स्वारी केली ती दोन्ही वेळा परतली, तेव्हा इथला कर्ताधर्ता होजो तोकिमुने याने मेलेल्यांसाठी हे बांधलं, आणि मला आवडतं ते हे की नुसत्या आपल्या माणसांसाठी नाही, बुडून मेलेल्या मंगोलांसाठी पण. पहिला गुरू चीनहून बोलावलेला, मुगाकु सोगेन.

पंथ रिन्झाई, झेनमधलाच एक. म्हणजे भिंतीकडे तोंड नाही, दोन ओळी समोरासमोर, मधून काठीवाला फिरणार. पहाटेचं झाझेन मुख्य बुद्धमंदिरात असतं, पण तू त्याच्या नादी लागू नको पहिल्यांदा, थंडीत पाठीचा पार बर्फ होतो आणि शिकवायला कुणी नसतं. शनिवारी नवख्यांसाठी वेगळं असतं ते कर. ते 'कोजिरिन' नावाच्या हॉलमध्ये, मोठ्या दरवाजातून आत गेलं की डावीकडे. हा हॉल म्हणजे तोक्योतला याग्यू घराण्याच्या पद्धतीचा तलवारबाजीचा आखाडा, १९२८ साली उचलून इथे आणून बसवलेला. लाकडी जमिनीवर पाय ठेवलास की कळेलच.

वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी देवळाच्या साइटवर बघून जा, पान जपानीत असलं तरी ट्रान्सलेट करून कळतं. सैल पँट घाल, जीन्स नको. मोजे काढावे लागतात हे लक्षात ठेव, माझ्या एका मित्राच्या अंगठ्याला भोक पडलेला मोजा होता, त्याला वाटलं कुणी बघणार नाही, काढेपर्यंत सगळ्यांनी बघितला.

काठीचं नंतर लिहितो, मीटिंग आहे.

---

इगतपुरीकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. तुम्ही नाशिकचे. घरापासून तासाभरावर इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र आहे, १९७६ पासून तिथे शिबिरं चालू आहेत, दहा दिवस राहणं-जेवण सगळं मिळून एक रुपया फी नाही, जगभरातून माणसं येतात. आणि तुम्ही जपानात जाऊन एक तासाचं ध्यान शोधताय. तासाभरात काय होणार? पहिले तीन दिवस तर नुसतं श्वासाकडे बघण्यात जातात आणि तेही धड जमत नाही. मी चार शिबिरं केली आहेत, तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात फक्त वडापाव होता.

एक तासाचं म्हणजे पर्यटनच, सर्टिफिकेट दिलं काय आणि न दिलं काय.

---

नाशिकचा_पाव्हणा

@इगतपुरीकर काका, राग नाही, खरंच आहे ते. धम्मगिरीच्या पॅगोड्याजवळून शंभरदा गेलोय आणि दरवेळी पुढे ढाब्यावर थांबलोय. दहा दिवस फोनशिवाय या कल्पनेनेच घाम फुटतो म्हणून एका तासापासून सुरुवात, असं समजा.

---

तोक्यो_बारा_वर्षं

हं, काठी. रिन्झाईवाले केइसाकु म्हणतात, सोतोवाले, म्हणजे झेनचा दुसरा पंथ, क्योसाकु, अक्षरं तीच. नवख्यांच्या बैठकीत मागितल्याशिवाय कुणी मारत नाही. भिक्षू समोर आला की हात जोडायचे, तो थांबतो, दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा, मग हातांची घडी छातीवर घट्ट घालून पुढे झुकायचं, आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंना खांद्याजवळच्या मांसल भागावर फटके बसतात. मणक्यावर नाही. मग परत नमस्कार. कुठेकुठे थंडीत कपडे जाड म्हणून फटके जास्त, उन्हाळ्यात कमी, असा हिशोबी कारभार आहे. आवाज केवढा तरी मोठा येतो, त्यामानाने लागत नाही. खांदे अवघडलेले असतात ते मोकळे होतात, आणि झोप पळते ती पळतेच, तुझीच नाही, ओळीतल्या सगळ्यांची.

गुडघ्याचं सरळ आधी सांग. खुर्चीवर बसून पण झाझेन करतात, त्याला इथे कुणी कमी लेखत नाही. 'हिझा' म्हणजे गुडघा, हात लावून चेहरा वाकडा केलास तरी पुरे.

@इगतपुरीकर, तासाभरात काही होत नाही हे मान्य, पण बारा वर्षांत पण फार काही होत नाही हो. मी सांगतोय ना अनुभवाने. आणि याच एन्गाकुजीत १८९४ च्या डिसेंबरात नात्सुमे सोसेकी येऊन बसला होता, तोच तो लेखक ज्याचा फोटो पुढे १९८४ पासून वीसेक वर्षं १००० येनच्या नोटेवर होता. त्याला गुरूने कोडं घातलं, तुझे आईवडील जन्मायच्या आधी तुझा मूळ चेहरा कुठला होता? तो पंधरवडाभर राहिला, उत्तर दिलं ते गुरूने नापास केलं आणि तो घरी गेला. एवढा मोठा माणूस हात हलवत परत गेला तर आपण एका तासाचं टेन्शन कशाला घ्यायचं.

तो गुरू शाकु सोएन. १८९३ च्या शिकागोच्या धर्मपरिषदेत विवेकानंद होते त्याच परिषदेत हाही होता. आणि योगायोग असा की विवेकानंद ३१ मेला मुंबईहून जहाजात बसले ते जपान बघत बघत तुझ्या योकोहामाहूनच पुढे कॅनडाला गेले. संध्याकाळी धक्क्यावर फिरायला जातोस तेव्हा आठव.

---

खवचट_आजोबा

आईवडील जन्मायच्या आधीचा चेहरा दाखवा. आमच्या इथे तहसील कार्यालयात पण साधारण अशीच कागदपत्रं मागतात.

---

संत्रानगरी

बाप्पा, एवढ्या चर्चेत कुणीच कोयासानचं नाव नाही घेतलं? पाव्हण्या, लांब आहे तुले योकोहामाहून, पण एक रात्र काढ आणि जाच.

मी दोन हजार सोळात गेलो होतो. जायचं कारण वेगळं होतं, तिथल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसवला आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांच्या, म्हणजे तेव्हाही फडणवीसच, हस्ते अनावरण झालं. आम्ही नागपूरचे, दीक्षाभूमीच्या सावलीत वाढलेले, आमच्या लहानपणापासून भदंत सुरई ससाई म्हणजे जपानहून आलेले आणि इथलेच झालेले भन्तेजी, त्यामुळे जपान आणि आपलं नातं काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पुतळ्यापुढे मेणबत्ती लावून वंदन केलं, बाजूने जाणारी दोन पोरं थांबली, त्यांनी पण वाकून नमस्कार केला. बरं वाटलं.

ओसाकाच्या नाम्बाहून नान्काई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून खडी चढण चढणारी केबल कार, वर आठशेक मीटर उंचीवर अख्खं गाव देवळांचं. ११७ देवळं आहेत म्हणतात, त्यातल्या पन्नासेक ठिकाणी राहता येतं, त्याला शुकुबो म्हणतात. हे झेन नाही, शिंगोन पंथ आहे, म्हणजे मंत्र-मुद्रावाला. कूकाई नावाच्या आचार्यांनी ८१६ साली हा डोंगर मागून घेतला.

आता ऐक खरी गोष्ट. इथलं ध्यान म्हणजे 'आजिकान'. जी म्हणजे अक्षर, कान म्हणजे बघणं. समोर गुंडाळी टांगलेली असते, त्यावर पांढरा गोल चंद्र, खाली कमळ, आणि कमळावर एक अक्षर. ते अक्षर आहे 'अ'. आपला अ! सिद्धम् लिपीतला, वळण वेगळं आहे, पण अ च. भिक्षू इंग्रजीत समजावत होते की हे अक्षर भारतातून आलं, संस्कृतचं पहिलं अक्षर, ज्याचा जन्म नाही ते दाखवणारं, अनुत्पाद मधला अ, सगळ्या आवाजांच्या आत असतो. माझ्या बाजूला एक जर्मन बाई होती, तिने वहीत ते अक्षर चितारायला चार वेळा प्रयत्न केला. मी अंगणवाडीत पाटीवर गिरवला होता. श्वास सोडताना तोंडाने हळू 'आऽऽऽ' म्हणत सोडायचा, मग आवाज बंद करून नुसता मनात. पहिली दहा मिनिटं मला अ अननसाचा हेच दिसत होतं, खोटं कशाला सांगू.

सकाळी काही देवळांत अग्नीपुढे विधी असतो, 'गोमा'. ज्वाळा छतापर्यंत, ढोल, मंत्र, लाकडाच्या कांड्या एकेक टाकतात. गोमा म्हणजे आपला होम. आणि गंमत म्हणजे जपानीत तिळालाही गोमाच म्हणतात, तर आदल्या रात्री जेवणात गोमा आणि सकाळी आगीत गोमा.

आणि हो, कूकाई ८३५ मध्ये गेले असं इथे कुणी म्हणत नाही. ते ओकुनोइनमध्ये, म्हणजे त्यांच्या समाधीच्या जागी, आत ध्यानात बसलेत, रोज पहाटे सहाला आणि साडेदहाला दोन वेळा त्यांचं जेवण पेटीतून नेतात. आळंदीला माउलींच्या संजीवन समाधीपुढे उभा राहिलेला माणूस याला हसणार नाही.

---

सुमती_मावशी

खूप छान धागा. मी एइहेइजीला एक रात्र राहिले होते, लेक फुकुईजवळ शिकायला होती तेव्हा. हे सोतो झेनच्या दोन मुख्य देवळांपैकी एक, दोगेन यांनी १२४४ मध्ये डोंगरात बांधलेलं. आता मार्च २०२४ पासून शिन्कान्सेन थेट फुकुईपर्यंत येते म्हणे, आम्ही तेव्हा दोन गाड्या बदलून गेलो. तिथे आधी बुकिंग करून 'सान्रो' म्हणून मुक्काम करता येतो. रात्री नऊला दिवे बंद आणि पहाटे अंधारात घंटा हलवत एक पोरगेला भिक्षू कॉरिडॉरमधून पळत जातो, की उठा!

तिथे तोंड भिंतीकडे. भिंत म्हणजे भिंत, त्यावर काही नाही, माझ्यासमोर लाकडाची एक गाठ होती डोळ्यासारखी, चाळीस मिनिटं ती माझ्याकडे आणि मी तिच्याकडे. डोळे मिटायचे नाहीत, अर्धे उघडे, मीटरभर पुढे खाली नजर. डावा तळवा उजव्यावर आणि अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली, मनात काही वेडंवाकडं आलं की अंगठे आपोआप ढासळतात किंवा उभे राहतात, मला ते फार आवडलं, थर्मामीटर असल्यासारखं. मोजायचं नाही, मंत्र नाही, नुसतं बसायचं, त्यालाच ते शिकान्ताझा म्हणतात. तीन ठिकाणी बोलायची बंदी, ध्यानाचा हॉल, न्हाणीघर आणि संडास. आमच्या सोसायटीत हा नियम न्हाणीघरापुरता तरी लागू करायला हवा, समोरचे काका गातात.

शाकाहाराची काळजी अजिबात नको. देवळातलं जेवण म्हणजे शोजिन र्‍योरी, मांस-मासे नाहीतच, वर कांदा-लसूण पण नाही, पक्कं चातुर्मासाचं जेवण. तिळाचं दूध आणि कुझु नावाच्या कंदाचं पीठ घोटून केलेलं गोमादोफु तर मी घरी आरारूट घालून करून बघितलं, बरं जमलं. काळजी देवळाच्या बाहेर घ्यायची, साधं मिसो सूप किंवा नूडलचा रस्सा दिसतो निरुपद्रवी पण खाली सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी असतं. देवळात तेच काम कोम्बु नावाच्या समुद्री शेवाळाने आणि सुक्या मश्रुमने होतं.

वाडग्यात एक मुळ्याच्या लोणच्याची फोड शेवटपर्यंत ठेवायची, गरम पाण्यात चॉपस्टिकने ती फिरवून वाडगा पुसून घ्यायचा आणि पाणी पिऊन फोड खाऊन टाकायची. माझ्या सासूबाई ताटात पाणी घालून प्यायच्या ते आठवलं.

---

नाशिकचा_पाव्हणा

मंडळी, जाऊन आलो!! काल शनिवार, एन्गाकुजी. लिहितोय तेव्हा घोटा अजून दुखतोय.

ठरलेल्या वेळेच्या पाऊण तास आधीच पोचलो. स्टेशन एवढंसं, बाहेर पडलो तर उंच देवदार आणि दगडी पायऱ्या, मेपल लाल होऊन अर्धे गळलेले, सगळे पर्यटक कॅमेरे घेऊन वर चाललेले आणि मी एकटा डावीकडे वळलो. कोजिरिनच्या दारात बूट काढले, कप्प्यात ठेवले, मोजे काढले (नवे होते, @तोक्यो धन्यवाद), आणि ती लाकडी जमीन. बापरे. थंड म्हणजे फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर पाय ठेवल्यासारखी. आणि मला वाटलं आता दारं लावतील, तर त्यांनी खिडक्या उघडल्या.

तीसेक माणसं असतील. दोन गोरे, एक मी, बाकी जपानी, त्यात कॉलेजातल्या चार पोरी आणि माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा, त्यांची घडी घालून आणलेली स्वतःची शाल. सूचना सगळ्या जपानीत, मी आजोबांना बघून कॉपी मारली, दहावीत मारली नव्हती इतकी. मी 'हिझा' म्हणून गुडघ्याला हात लावला तर भिक्षूने अजून एक गादी दुमडून माझ्या बुडाखाली सारली, दोन बोटांनी माझी कंबर मागून पुढे ढकलली, आणि खरं सांगतो, पाठ अशी सरळ झाली की जणू आतापर्यंत मी कुणाच्या तरी दुसऱ्याच्या पाठीवर चालत होतो. खुर्चीची गरज पडली नाही. अर्ध्या मांडीत बसलो, दुखरा पाय खाली.

लाकडाचे दोन ठोकळे एकदा वाजले, चट्ट! मग घंटी चार वेळा, शेवटचा टोला विरेपर्यंत ऐकला. आणि मग काहीच नाही.

काहीच नाही म्हणजे काय सांगू. श्वास मोजायचा होता एक ते दहा, मराठीत मोजला, एकऽऽ, दोनऽऽ, तीनला ऑफिसचा सर्व्हर, परत एक. चारच्या पुढे गेलो असेन दोनदा. तेवढ्यात फाटकाची घंटा सुरू झाली, टण टण टण टण, आणि लोकल आली, धडधड धडधड, थांबली, दार उघडल्याची धून, घोषणा, दार बंद, गेली. परत शांत. दहा-बारा मिनिटांनी परत. पहिल्या गाडीला मी वैतागलो की कसली ही जागा निवडली यांनी, मग आठवलं की देवळाने जागा नाही निवडली, रेल्वे नंतर आली सहाशे वर्षांनी. दुसऱ्या गाडीला मी गाडीची वाटच बघत होतो, कारण तेवढा वेळ पायाकडे लक्ष जात नव्हतं. आमचं जुनं घर नाशिकरोडला रुळाजवळ, लहानपणी गाडीच्या आवाजाने जाग नाही यायची, रद्द झाली तर यायची.

काठी घेतली! दुसऱ्या बैठकीत. पहिल्यात हिंमत झाली नाही. भिक्षूची पावलं ऐकू येत नाहीत, फक्त खालच्या नजरेत अनवाणी पाय सरकताना दिसतात, आणि ते थांबले की पोटात गोळा. आधी आजोबांनी हात जोडले, मग फटाक फटाक, तो आवाज माझ्याच पाठीत गेला. मग मी पण जोडले. वाकलो, तोही वाकला, आणि बसली. आईच्या धपाट्याइतकीच, तीही दिवाळीच्या आधीच्या मूडमधल्या आईच्या. पण खांद्यातून गरम गरम काहीतरी खाली गेलं आणि थंडी पाच मिनिटं गायब.

आता फजिती. दोन बैठकांच्या मध्ये उठून चालायचं होतं. सगळे उठले, मी पण उठलो, म्हणजे उठलो असं मला वाटलं, डावा पाय तिथे होताच कुठे! घोट्यातून पाय दुमडला आणि मी सरळ आजोबांच्या अंगावर. त्यांनी एका हाताने मला धरलं, चेहऱ्यावर रेषा हलली नाही. त्या पोरींपैकी एक फसफसली, मी पण फसफसलो, भिक्षूने बघितलंच नाही असं केलं. नंतर बाहेर बूट घालताना आजोबांनी मला थांबवून हातवारे करून दाखवलं की उठायच्या आधी पायाची बोटं दुमडून टाचेवर बसायचं, दहा मोजायचे, मग उठायचं. आणि खिशातून एक संत्र्याची गोळी दिली.

शेवटी सगळ्यांनी मिळून एक सूत्र म्हटलं, एका सुरात, मासोळीच्या आकाराच्या लाकडी वाद्याच्या ठेक्यावर. मला एक अक्षर कळत नव्हतं, नुसता गुणगुणत होतो, आणि शेवटी आलं, ग्यातेई ग्यातेई, हारा ग्यातेई, हारा सो ग्यातेई, बोजी सोवाका. 'सोवाका'ला माझे कान टवकारले. हे स्वाहा आहे का? का मलाच आपलं सगळीकडे आपलं दिसतंय?

---

संत्रानगरी

स्वाहाच आहे भाऊ. गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. प्रज्ञापारमिता हृदयसूत्र, जपानीत हान्या शिंग्यो, तिथे म्हणतात तो मजकूर २६२ चिनी अक्षरांचा. बाकी सगळ्याचं भाषांतर केलं पण हा शेवटचा मंत्र मुद्दाम आवाजासकट तसाच ठेवला, म्हणून तुले ओळखू आला. आणि भाषांतर कुणाचं माहीत आहे? ह्युएन त्संगचं. तोच आपला शाळेच्या इतिहासातला, जो पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला आणि मराठी मुलूख, इथली माणसं मानी आहेत, उपकार केला तर विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत असं लिहून गेला. तर आजोबांनी तुला धरलं ते लक्षात ठेव.

---

इगतपुरीकर

लोकलचं वाचून बरं वाटलं. तिसऱ्या शिबिरात शेजारचा घोरायचा, माझं पण तेच झालं होतं. परत आलात की फॉर्म भरा.

---

नाशिकचा_पाव्हणा

@इगतपुरीकर काका, भरतो, म्हणजे बायकोला विचारून भरतो. पुढच्या शनिवारी परत जाणार आहे हे मात्र नक्की, आजोबा येतात का बघायला.

एक शेवटचा प्रश्न, घरी रोज पंधरा मिनिटं बसायचं म्हणतोय. ती सोतोवाल्यांची गोल काळी उशी मिळते ना, झाफु, ऑनलाइन बघितली तर किंमत बघून परत श्वास मोजायला लागलो. आणि विमानात कशी नेणार? आत असतं तरी काय?

---

सुमती_मावशी

आत कापोक असतो, ते लोक पान्या म्हणतात. हलका, रेशमासारखा कापूस, पण दबून दबून घट्ट होतो, म्हणून बसल्यावर खाली खचत नाही. नुसता आपला साधा कापूस भरलास तर दोन महिन्यांत पोळी होईल तिची.

---

खवचट_आजोबा

अहो पाव्हणे, कापोक म्हणजे आपल्या सावरीच्या कापसाचा सख्खा चुलतभाऊ. कोकणात आमच्याकडे उन्हाळ्यात बोंडं फुटली की अंगणभर उडायचा, आजी आम्हा पोरांना गोळा करायला लावायची आणि उशा भरायची. त्र्यंबकच्या बाजूला सावरी चिक्कार आहेत, लाल फुलांच्या. फेब्रुवारीत परत येताय ना, फुलं तेव्हा असतील, बोंडं एप्रिलपर्यंत फुटतील. पोती घेऊन जा, बी नीट काढा, आणि शिवताना खोळ दुहेरी घ्या, नाहीतर नाकात जातो.